कँडिडेट, कंटेस्टंट, कॉम्पिटिटर, अपोनंट की रायव्हल? कुठे कोणता शब्द वापरायचा, वाचा सविस्तर

एका पतसंस्थेत क्लार्कची जागा निघाली होती. आपल्याच भागातल्या एका तरुणाने अर्ज केला. बी.कॉम. झालेला, टायपिंग येतं, हिशेब चोख. अर्ज इंग्रजीत हवा होता. त्याने मोबाईलवर मराठी वाक्य टाकलं, जे इंग्रजी आलं त्यात इकडचा-तिकडचा एक शब्द बदलला आणि अर्ज देऊन टाकला. मुलाखतीत साहेबांनी अर्ज वाचला आणि हसत विचारलं, "अरे, नोकरी मागायला आलास की भांडायला?" त्याला लिहायचं होतं, 'मी या पदासाठी उमेदवार आहे'. अर्जात लिहिलं गेलं होतं, 'आय ॲम अ रायव्हल फॉर धिस पोस्ट'.

नोकरी त्या एका शब्दामुळे गेली असं कुणी म्हणणार नाही. पण त्या हसण्यानंतर तो गडबडला आणि येत होती ती उत्तरंही त्याला नीट देता आली नाहीत.

ही चूक फक्त त्याची नाही. नोकरीचा अर्ज, निवडणुकीचा फॉर्म, कुस्तीची कॉमेंट्री, बँकेचा प्रोजेक्ट रिपोर्ट, कोर्टाची नोटीस, सगळीकडे स्पर्धेतल्या माणसासाठी इंग्रजी शब्द लागतो, आणि दरवेळी तो वेगळा असतो. मोबाईलमध्ये 'स्पर्धक' टाकलं तर चार-पाच शब्द समोर येतात, पण त्यातला आपल्या कामाचा कोणता हे मोबाईल सांगत नाही. म्हणून आज हे शब्द एकेक करून समजून घेऊ.

आधी थोडक्यात

- कँडिडेट : उमेदवार. नोकरी, परीक्षा, निवडणूक. ज्याची निवड दुसरं कुणीतरी करणार आहे तो.
- पार्टिसिपंट : भाग घेणारा. जिंकण्या-हरण्याशी संबंध असेलच असं नाही.
- कंटेस्टंट : बक्षिसाच्या कार्यक्रमातला स्पर्धक. क्विझ, गाण्याची स्पर्धा, टीव्ही शो.
- कॉम्पिटिटर : खेळातला किंवा धंद्यातला स्पर्धक.
- अपोनंट : समोर उभा असलेला. कुस्ती, कबड्डी, बुद्धिबळ, वादविवाद, कोर्ट.
- चॅलेंजर : गादीवर बसलेल्या विजेत्याला आव्हान देणारा.
- कंटेंडर : जिंकण्याची खरी शक्यता असलेला, दावेदार.
- रायव्हल : जुना, बरोबरीचा प्रतिस्पर्धी. ज्याच्याशी चुरस वर्षानुवर्षं चालते.
- एनिमी : शत्रू. स्पर्धेत हा शब्द वापरू नका.

तीन प्रश्न विचारा, शब्द आपोआप सापडेल

पाठांतर करायची गरज नाही. लिहायच्या आधी स्वतःला तीन प्रश्न विचारा.

पहिला, निकाल कोण देणार? साहेब, परीक्षा मंडळ किंवा मतदार निवड करणार असतील, तर कँडिडेट.

दुसरा, सामना समोरासमोर आहे की सगळे एकाच वेळी धावताहेत? एकाविरुद्ध एक असेल तर अपोनंट. अनेकजण एकाच बक्षिसामागे असतील तर कॉम्पिटिटर किंवा कंटेस्टंट.

तिसरा, ही चुरस आज संपणार की पुढच्या वर्षीही राहणार? आज संपणार असेल तर अपोनंटच बरा. वर्षानुवर्षं चालली असेल तरच रायव्हल.

आता एकेक शब्द नीट बघू.

कँडिडेट : ज्याला निवडून घ्यायचंय तो

आपल्याकडे सगळ्यात जास्त लागणारा शब्द हाच. तलाठी भरती असो, पोलीस भरती असो की बँकेची परीक्षा, हॉल तिकिटावर सही करायच्या जागी 'कँडिडेट्स सिग्नेचर' असं छापलेलं असतं. म्हणजे उमेदवाराची सही.

इथे एक गंमत आहे. एमपीएससीला आपण 'स्पर्धा परीक्षा' म्हणतो, इंग्रजीतही 'कॉम्पिटिटिव्ह एक्झाम' म्हणतात. म्हणून अनेक मुलं लिहितात, 'आय ॲम अ कॉम्पिटिटर ऑफ एमपीएससी'. हे चुकीचं आहे. याचा अर्थ होतो, मी एमपीएससीशीच स्पर्धा करतोय! परीक्षा कॉम्पिटिटिव्ह असली तरी तिला बसणारा कँडिडेटच.

याच्या जवळचे आणखी दोन शब्द आहेत. ॲस्पायरंट म्हणजे तयारी करणारा. पुण्याला खोली घेऊन अभ्यास करणारी आपली मुलं स्वतःला 'एमपीएससी ॲस्पायरंट' म्हणतात, ते बरोबर आहे. फॉर्म भरला, हॉल तिकीट आलं, की तोच मुलगा कँडिडेट झाला. ॲप्लिकंट म्हणजे अर्जदार. दाखला, कर्ज, नळजोडणी, पीकविमा यासाठी अर्ज केला तर तुम्ही ॲप्लिकंट. तिथे कुणाशी स्पर्धा नसते. नोकरीसाठी अर्ज केल्यावर ॲप्लिकंट आणि कँडिडेट दोन्ही शब्द चालतात. मुलाखतीला बोलावलं की कँडिडेट जास्त शोभतो.

या शब्दाचं मूळ लॅटिन भाषेत आहे. जुन्या रोममध्ये पदासाठी उभे राहणारे लोक खडूने पांढरा केलेला झगा घालून मतं मागायला फिरत. लॅटिनमध्ये 'कँडिडस' म्हणजे पांढराशुभ्र. त्यावरून पांढऱ्या कपड्यातला तो कँडिडेट. आपल्याकडे निवडणुकीत कडक इस्त्रीचे पांढरे कपडे घालायची पद्धत पाहिली की हा शब्द कायमचा लक्षात राहतो.

आपला 'उमेदवार' मात्र फारसीतून आला. उमेद म्हणजे आशा. उमेद धरून बसलेला तो उमेदवार. म्हणून तर पूर्वी दुकानात किंवा वकिलाकडे बिनपगारी काम शिकणाऱ्यालाही 'उमेदवारी करतोय' असं म्हणायचे. त्या उमेदवारीला इंग्रजीत कँडिडेट चालणार नाही, तिथे ॲप्रेंटिस म्हणायचं.

निवडणुकीत : सगळेच कँडिडेट, पण सगळे रिंगणात नसतात

निवडणुकीच्या कागदांत 'कंटेस्टिंग कँडिडेट' असा जोडशब्द येतो. तो नीट समजून घ्या. अर्ज भरला, छाननी झाली, अर्ज मागे घ्यायची मुदत संपली, आणि तरीही जे रिंगणात उरले, ते कंटेस्टिंग कँडिडेट. म्हणजे प्रत्यक्ष निवडणूक लढवणारे उमेदवार. ज्याने माघार घेतली त्याचं नाव या यादीत नसतं आणि मतपत्रिकेवरही येत नाही.

इथे 'कंटेस्टंट' लिहू नका. 'सरपंचपदासाठी पाच कंटेस्टंट' म्हटलं की टीव्हीवरच्या शोसारखं वाटतं. 'फाइव्ह कँडिडेट्स' म्हणा. क्रियापद मात्र 'कंटेस्ट' चालतं. 'शी इज कंटेस्टिंग द इलेक्शन' म्हणजे ती निवडणूक लढवतेय. हे शंभर टक्के बरोबर.

बिनविरोध निवडून आलेल्या सदस्यासाठी इंग्रजीत 'इलेक्टेड अनअपोज्ड' म्हणतात. कँडिडेट आणि अपोनंट यांच्यातला फरक इथेच कळतो. बिनविरोध आलेला माणूस कँडिडेट होता, पण त्याला अपोनंट कुणीच नव्हता. समोर कुणी नसलं तरी कँडिडेट होता येतं. अपोनंट व्हायला मात्र समोर कुणीतरी लागतं.

पार्टिसिपंट आणि कंटेस्टंट : भाग घेतला की झुंज दिली?

शाळेच्या स्नेहसंमेलनानंतर पोरांना जे प्रमाणपत्र मिळतं त्यावर 'पार्टिसिपेशन' लिहिलेलं असतं. म्हणजे याने भाग घेतला, एवढंच. कृषी मेळावा, प्रशिक्षण शिबिर, ग्रामस्वच्छतेची फेरी, योगाचा कार्यक्रम यात जे येतात ते सगळे पार्टिसिपंट. तिथे पहिला-दुसरा नंबर नसतो. म्हणून हा सगळ्यात निरुपद्रवी शब्द. काय लिहावं सुचत नसेल तर हा लिहा, सहसा चुकणार नाही.

कंटेस्टंट म्हणजे ठरावीक नियमांच्या, बक्षिसाच्या स्पर्धेत उतरलेला. रांगोळी, वक्तृत्व, भजन, गाणं, पाककृती, क्विझ. तिथे परीक्षक असतात, गुण असतात, निकाल असतो. 'कौन बनेगा करोडपती'त समोर बसणाऱ्याला कंटेस्टंट म्हणतात. २०१९ मध्ये अमरावती जिल्ह्यातल्या, शाळेत खिचडी शिजवणाऱ्या एका ताईंनी त्या कार्यक्रमात एक कोटी रुपये जिंकले, तेव्हा त्या कंटेस्टंट होत्या. त्यांना तिथे अपोनंट म्हणता येत नाही, कारण त्या खुर्चीवर बसल्यावर समोर दुसरा खेळाडू नसतो, फक्त प्रश्न असतो.

थोडक्यात, प्रत्येक कंटेस्टंट हा पार्टिसिपंट असतोच, पण प्रत्येक पार्टिसिपंट कंटेस्टंट नसतो.

कॉम्पिटिटर : एकाच बक्षिसामागे धावणारे

खेळात आणि धंद्यात हा शब्द चालतो.

खेळाचं एक उत्तम उदाहरण आपल्या राज्यातलं आहे. कोल्हापूर जिल्ह्यात राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स प्रकारात ब्राँझ पदक जिंकलं. अंतिम फेरीत आठ नेमबाज होते. प्रत्येकाचं लक्ष्य वेगळं, प्रत्येकाची गोळी वेगळी. कुणी कुणाला अडवत नव्हतं, कुणी कुणाला पाडत नव्हतं. फक्त गुण मोजले जात होते. मग बाकीचे सात जण स्वप्नीलचे कोण? कॉम्पिटिटर. अपोनंट नाही.

धावण्याचंही तसंच. बीड जिल्ह्यात आष्टी तालुक्यातल्या मांडव्याच्या अविनाश साबळेने २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये रौप्य मिळवलं. त्याची वेळ ८ मिनिटं ११.२० सेकंद. सुवर्ण जिंकणाऱ्या केनियाच्या अब्राहम किबिवोतची वेळ ८ मिनिटं ११.१५ सेकंद. फरक फक्त ०.०५ सेकंदाचा! इतकी अटीतटी असूनही दोघं एकमेकांचे कॉम्पिटिटर. कारण शर्यतीत आपण समोरच्याशी लढत नाही, त्याच्यासोबत धावतो.

या शब्दाचा मूळ लॅटिन अर्थही असाच, 'एकत्र मिळून एखादी गोष्ट शोधणं, मिळवायला बघणं'. म्हणजे स्पर्धक हा मुळात सोबतीच.

बैलगाडा शर्यतीलाही हाच नियम लावा. पुणे जिल्ह्यातल्या घाटांत एकेक बारी सुटते आणि घड्याळावर सेकंद मोजतात. तिथे दुसरा गाडामालक तुमचा कॉम्पिटिटर. सातारा-सांगलीकडे अनेक गाड्या शेजारी-शेजारी पळतात, तिथेही कॉम्पिटिटरच. कारण गाड्या बाजूला पळतात, एकमेकींवर चालून जात नाहीत. नोंदणीच्या यादीत मात्र 'एंट्री' आणि 'पार्टिसिपंट' हे शब्द पुरेसे आहेत.

धंद्यात बघा. तुमचं कृषी सेवा केंद्र आहे आणि चौकात दुसरं निघालं, तर तो तुमचा कॉम्पिटिटर. दूध संकलन केंद्र, रोपवाटिका, पोल्ट्री, बचत गटाचे मसाले, सगळीकडे हाच शब्द. कर्जासाठी बँकेत प्रोजेक्ट रिपोर्ट देता, तेव्हा बाजारात आधीपासून कोण आहे हे अनेकदा लिहावं लागतं. तिथे 'कॉम्पिटिटर्स' असं शीर्षक देऊन सरळ माहिती लिहा : गावात अशी किती दुकानं आहेत, ती काय भावाने विकतात, आपलं वेगळं काय. तिथे 'रायव्हल' लिहिलं तर वाचणाऱ्याला वाटेल, यांचं काहीतरी जुनं भांडण आहे.

टेंडर भरणाऱ्यासाठी आणखी वेगळा शब्द आहे, बिडर. ग्रामपंचायतीच्या रस्त्याच्या कामाची ई-निविदा भरली तर तुम्ही बिडर. लिलावात बोली लावणाराही बिडरच. सगळ्यात कमी दराची निविदा भरणाऱ्याला 'लोएस्ट बिडर' म्हणतात. कागदावर 'एल-वन' दिसलं तर तो हाच.

अपोनंट : समोर उभा असलेला

आखाड्यात दोन पैलवान हात मिळवतात, तेव्हा एक दुसऱ्याचा अपोनंट. मूळ अर्थच 'समोर ठेवलेला'. कुस्ती, कबड्डी, खो-खो, बॉक्सिंग, बॅडमिंटन, कॅरम, बुद्धिबळ, जिथे एकाचा डाव दुसऱ्यावर चालतो तिथे अपोनंट.

कराडजवळच्या गोळेश्वरचे पैलवान खाशाबा जाधव यांनी १९५२ मध्ये हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कुस्तीत ब्राँझ पदक मिळवलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्या स्पर्धेत त्यांच्या वजन गटात उतरलेले सगळे मल्ल त्यांचे कॉम्पिटिटर. पण प्रत्यक्ष मॅटवर ज्याच्याशी हात मिळवला तो त्या कुस्तीपुरता अपोनंट. कुस्ती सुटली की तो अपोनंट राहिला नाही, पुन्हा कॉम्पिटिटर झाला.

हा फरक यूट्यूबवर कुस्ती-कबड्डीची कॉमेंट्री करणाऱ्या पोरांनी जरूर लक्षात ठेवावा. 'फोर्टी कॉम्पिटिटर्स इन द टूर्नामेंट' आणि 'हिज अपोनंट इन द फायनल', अशी वाक्यं बरोबर.

कोर्टकचेरीतही हा शब्द भेटतो. आपल्याकडच्या मराठी कागदांत 'अर्जदार' आणि 'सामनेवाला' असं लिहिलेलं असतं. इंग्रजी कागदावर त्या सामनेवाल्यासाठी 'अपोनंट' येतो. ग्राहक आयोगात 'अपोझिट पार्टी' लिहितात. काही प्रकरणांत 'रिस्पाँडंट', तर दिवाणी दाव्यात 'डिफेंडंट'. तुमच्या नोटिशीवर नावापुढे 'अपोनंट' लिहिलं असेल तर घाबरू नका. कुणी तुम्हाला शत्रू किंवा गुन्हेगार म्हटलेलं नाही. या अर्जात तुम्ही समोरची बाजू आहात, एवढाच त्याचा अर्थ. पण दुर्लक्षही करू नका, तारीख बघून वकिलाला भेटा.

चॅलेंजर आणि कंटेंडर : बुद्धिबळातून समजून घ्या

हे शब्द समजायला बुद्धिबळासारखा खेळ नाही. जगज्जेता ठरवायची पद्धत अशी : आधी निवडक आठ खेळाडूंची 'कँडिडेट्स' नावाची स्पर्धा होते. ती जिंकणारा जगज्जेत्याला आव्हान देतो, म्हणजे चॅलेंजर होतो. डी. गुकेशने एप्रिल २०२४ मध्ये टोरंटोला कँडिडेट्स जिंकली. त्या दिवशी तो कँडिडेटचा चॅलेंजर झाला. डिसेंबर २०२४ मध्ये सिंगापूरला त्याने चीनच्या डिंग लिरेनला हरवलं आणि चॅम्पियन झाला. एकाच वर्षात एकाच माणसाला तीन शब्द लागले. माणूस तोच, जागा बदलली की शब्द बदलला.

आपल्या नागपूरच्या दिव्या देशमुखचं बघा. जुलै २०२५ मध्ये जॉर्जियातल्या बातुमीला तिने महिला बुद्धिबळ विश्वचषक जिंकला. अंतिम फेरीत समोर होती कोनेरू हंपी, तीही भारताचीच. दोघी एकाच देशाच्या, एकाच तिरंग्याखाली खेळणाऱ्या. तरी पटावर एकमेकींच्या अपोनंट. म्हणजे अपोनंट हा परका किंवा वाईट असतो असं नाही. या स्पर्धेतून दिव्याला महिला कँडिडेट्स स्पर्धेत जागा मिळाली.

कंटेंडर म्हणजे 'याचा नंबर लागू शकतो' असा तगडा दावेदार. 'टॉप कंटेंडर', 'टायटल कंटेंडर' असं बातम्यांत येतं. शंभर पैलवान उतरले तर शंभर कॉम्पिटिटर, पण कंटेंडर चार-पाचच. हा शब्द स्वतःसाठी अर्जात वापरू नका. आपणच आपल्याला दावेदार म्हणणं शोभत नाही, ते लोकांनी म्हणावं.

रायव्हल : एकाच पाटावरचे दोघे

आता सगळ्यात जपून वापरायचा शब्द.

रायव्हल हा शब्दही लॅटिनमधला, आणि त्याचं मूळ कोणत्याही शेतकऱ्याला चटकन कळेल असं आहे. 'रिव्हस' म्हणजे ओढा. 'रिव्हालिस' म्हणजे एकाच ओढ्याचं पाणी वापरणारा. पाणी एक, वापरणारे दोघे, मग पाळीवरून कुरबुर आलीच. त्यावरून रायव्हल म्हणजे प्रतिस्पर्धी. पाटाच्या पाण्यासाठी रात्री बारा वाजता बॅटरी घेऊन बांधावर उभं राहिलेल्या माणसाला हा शब्द वेगळा समजावून सांगायची गरज नाही.

म्हणून रायव्हल कुणीही होत नाही. त्याला दोन गोष्टी लागतात. एक, दोघं साधारण बरोबरीचे हवेत. दोन, चुरस जुनी हवी. पहिल्यांदाच गाठ पडलेला पैलवान अपोनंट. दरवर्षी जत्रेत त्याच मैदानात गाठ पडते, कधी हा जिंकतो कधी तो, आणि सगळा तालुका त्या कुस्तीची वाट बघतो, तेव्हा ते रायव्हल. भारत-पाकिस्तान क्रिकेटला 'रायव्हलरी' म्हणतात ते यामुळेच.

रायव्हल म्हणजे शत्रू नव्हे. पण शब्दाला जरा धार आहे. म्हणून अर्जात, फॉर्ममध्ये, साहेबांसमोर तो नको. बातमीत, गोष्टीत, खेळाच्या गप्पांत चालतो.

एनिमी : स्पर्धेत नकोच

एनिमी म्हणजे ज्याचं वाईट व्हावं असं वाटतं तो. कॉम्पिटिटरला आपल्याला मागे टाकायचं असतं, एनिमीला संपवायचं असतं. मॅच जिंकल्यावर 'वुई डिफिटेड अवर एनिमी' असं स्टेटस ठेवणारी पोरं दिसतात. जोशात लिहिलेलं असतं हे खरं. पण समोरच्या गावातल्या पोरांनी वाचलं की पुढच्या सामन्याला बॅटऐवजी काठ्या बाहेर येतात. 'वुई डिफिटेड अवर अपोनंट्स' लिहा. विजय तेवढाच मोठा राहतो.

नेहमी होणाऱ्या चुका

स्पेलिंग : कँडिडेटमध्ये मधला 'डी' विसरू नका. सी, ए, एन, डी, आय, डी, ए, टी, ई. 'कॅनिडेट' किंवा 'कँटिडेट' असं लिहू नका. अपोनंटमध्ये 'पी' दोनदा येतो. कॉम्पिटिटरच्या शेवटी 'ई-आर' नाही, 'ओ-आर' आहे. कंटेस्टंटच्या शेवटी 'ए-एन-टी'.

उच्चार : रायव्हलला 'रिव्हल' म्हणू नका. अपोनंटला 'अपोझिटर' म्हणू नका, असा शब्दच नाही.

कॉम्पिटंट वेगळा : जात प्रमाणपत्राच्या कागदांत 'कॉम्पिटंट ऑथॉरिटी' येतं. त्याचा स्पर्धेशी संबंध नाही. त्याचा अर्थ सक्षम प्राधिकारी, म्हणजे ज्या अधिकाऱ्याला तो दाखला द्यायचा अधिकार आहे तो.

'फॉर' की 'ऑफ' : 'कँडिडेट फॉर द पोस्ट', म्हणजे पदासाठी उमेदवार. 'कॉम्पिटिटर इन द रेस', म्हणजे शर्यतीतला स्पर्धक. 'कॉम्पिटिटर ऑफ' म्हटलं की ज्याचं नाव पुढे येतं त्याच्याशी तुमची स्पर्धा, हे विसरू नका.

रनर-अप : दुसरा आलेला. अनेक असतील तर 'रनर्स-अप'. 'एस' मध्ये लागतो, शेवटी नाही. तुमच्या मंडळाच्या ढाली छापायला टाकण्याआधी एवढं तपासा.

करून बघा

खालच्या वाक्यांत कोणता शब्द येईल? आधी स्वतः ठरवा, मग उत्तरं बघा.

१. वनरक्षक भरतीत धावण्याच्या चाचणीला आलेली मुलगी.
२. कॅरमच्या फायनलमध्ये समोर बसलेला खेळाडू.
३. शेजारच्या गावातलं दुसरं रोपवाटिकेचं दुकान.
४. ठिबक सिंचनाच्या प्रशिक्षणाला आलेले शेतकरी.
५. पाककृती स्पर्धेत पुरणपोळी मांडलेल्या काकू.
६. पंधरा वर्षं एकमेकांना आलटून-पालटून हरवणारे दोन कबड्डी संघ.

उत्तरं : १. कँडिडेट. धावतेय खरी, पण निवड खातं करणार आहे. २. अपोनंट. ३. कॉम्पिटिटर. ४. पार्टिसिपंट. ५. कंटेस्टंट. ६. रायव्हल.

पहिलं चुकलं असेल तर वाईट वाटून घेऊ नका. तिथे बहुतेकजण चुकतात.

शब्द नीट वापरला तर काय होतं?

अर्जावर कुणी हसत नाही, हा पहिला फायदा. पण गावात राहणाऱ्यांसाठी याहून मोठी गोष्ट आहे.

ग्रामपंचायतीची निवडणूक लागली की चुलतभाऊ चुलतभावासमोर उभा राहतो, जाऊ जावेसमोर. अर्ज भरला, दोघंही कँडिडेट. प्रचारात दोघं एकमेकांचे अपोनंट. मतमोजणी झाली, गुलाल उधळला, निकाल लागला. अपोनंट हा शब्द तिथेच संपायला हवा, कुस्ती सुटल्यावर संपतो तसा. अनेक गावांत तो संपत नाही. आधी रायव्हल होतो, मग एनिमी. मग लग्नाच्या पत्रिका थांबतात, बांध कोरले जातात, सामाईक विहिरीच्या मोटारीची वायर तुटते.

निकालानंतर मोबाईलवर स्टेटस टाकताना एवढं एकदा आठवा. समोरचा माणूस निवडणुकीपुरता तुमचा अपोनंट होता. त्याआधी आणि त्यानंतर तो तुमच्याच पाटावरचा, तुमच्याच विहिरीवरचा माणूस आहे. पाण्याची पाळी त्याच्या शेतातूनच तुमच्याकडे येणार आहे.

माहिती उपयोगी वाटली तर गावच्या ग्रुपवर आणि भरतीची तयारी करणाऱ्या मुलामुलींना नक्की पाठवा. असे आणखी कोणते इंग्रजी शब्द अडतात ते कळवा, पुढच्या लेखात घेऊ.